घरातल्या म्युझिक स्ट्रीमरच्या सॉफ्टवेअरला पैसे भरण्याआधी: नवख्यांसाठी पायरी पायरीने

नवीन स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा, घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न पडतो की डिव्हाइसचे पैसे तर मोजून झाले, मग आता हे ॲप परत कशाचे पैसे मागतंय? आणि मग दोन टोकं दिसतात. एक जण चिडून म्हणतो मी एक पैसा देणार नाही, आणि दुसरा घाबरून समोर दिसेल ते सगळं सबस्क्राइब करून बसतो आणि सहा महिन्यांनी कार्डाचं स्टेटमेंट बघून डोकं धरतो. दोघांचीही गडबड एकच असते, आपण पैसे नक्की कशाचे देतोय हेच बघितलेलं नसतं. म्हणून हा लेख. कुठलं सॉफ्टवेअर बेस्ट हा वाद इथे घालणार नाहीये, तो वाद कधी संपतच नाही.

पायरी १: चार थर वेगळे करा

घरात नेटवर्कवरून गाणं वाजतं तेव्हा चार गोष्टी चालू असतात. पहिली म्हणजे गाणी, ती तुमच्या हार्डडिस्कवर फाइल्स म्हणून असतील नाहीतर स्पॉटिफाय, टायडल, कोबझ असल्या सर्व्हिसकडे असतील. दुसरा सर्व्हर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारं, कव्हर शोधणारं, कुठल्या खोलीत काय वाजवायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर, जे पीसीवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर बसतं. तिसरा प्लेअर, म्हणजे स्पीकरजवळचा डबा आणि त्याच्या आतलं सॉफ्टवेअर. आणि चौथा रिमोट, म्हणजे फोनवरचं ॲप.

काही कंपन्या हे चारही थर एकत्र बांधून देतात, काही एकच विकतात. पैसे मागणारी स्क्रीन समोर आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हा कुठला थर? कारण नवखी माणसं हमखास इथे फसतात. सर्व्हरचं सबस्क्रिप्शन घेतलं म्हणजे गाणी पण आली असं समजतात. नाही येत. रून हे पैसे देऊन घ्यायचं सर्व्हर सॉफ्टवेअर, ते घेतलं तरी टायडल किंवा कोबझचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि रूनमध्ये स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिक जोडताच येत नाही. हे एक वाक्य आधी माहीत असतं तर कितीतरी लोकांचा पहिल्या महिन्याचा मनस्ताप वाचला असता.

उलटं पण आहे. तुम्ही फक्त स्पॉटिफायच ऐकत असाल, घरात स्वतःच्या फाइल्स शून्य, आणि तुमच्या डब्यावर स्पॉटिफाय कनेक्ट चालत असेल, तर तुम्हाला वेगळं सर्व्हर सॉफ्टवेअर लागतच नाही. फोन तिथे नुसता रिमोट असतो, गाणं डबा स्वतः इंटरनेटवरून ओढतो. अशा माणसाने हा लेख इथेच सोडला तरी चालेल, खरंच.

पायरी २: कागदावर लिहून काढा

हे बोअरिंग आहे पण दहा मिनिटांचं काम आहे. घरातले सगळे प्लेअर, त्यांचं मॉडेल, आणि गाणं पाठवायच्या कुठल्या पद्धती प्रत्येकाला समजतात: एअरप्ले, क्रोमकास्ट, यूपीएनपी किंवा डीएलएनए, रून रेडी, स्क्वीझबॉक्सचा प्रोटोकॉल, जे असेल ते. मग फाइल्स किती आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या) आहेत की एमपी३ की अजून काही. घरात फोन कुठले, अँड्रॉइड, आयफोन की दोन्ही, कारण रिमोट ॲप एकाच बाजूला असेल तर घरातल्या अर्ध्या माणसांना गाणं बदलायला तुम्हाला हाक मारावी लागते. आणि शेवटचं, कायम चालू राहील असं एखादं मशीन घरात आहे का. लॅपटॉपवर सर्व्हर टाकला आणि झाकण मिटलं की गाणं बंद, मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर भंगार आहे.

पायरी ३: आधी फुकटातलं बसवा

हे मी कंजूसपणा म्हणून सांगत नाहीये. फुकटातलं आधी वापरून बघितल्याशिवाय आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते कळत नाही, आणि जे कमी पडतंय त्याचेच पैसे द्यायचे असतात.

इथे स्क्वीझबॉक्स नावाच्या जुन्या म्युझिक प्लेअरची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या सगळ्या विषयाचं सार त्यात आहे. स्लिम डिव्हाइसेस नावाच्या छोट्या कंपनीने हे डबे काढले, २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली, आणि २०१२ मध्ये लॉजिटेकने ही सगळी लाइन बंद करून टाकली. साधारण अशा वेळी डबे भंगारात जातात. पण यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर सुरुवातीपासून ओपन सोर्स होतं, त्यामुळे काही मोजक्या लोकांनी ते चालू ठेवलं, सुधारत राहिले, नवीन प्लगिन लिहीत राहिले. २०२४ च्या सुरुवातीला लॉजिटेकने मायस्क्वीझबॉक्स ही ऑनलाइन सर्व्हिस पण बंद केली. ज्यांचा डबा फक्त त्या सर्व्हिसच्या जिवावर चालत होता त्यांची पंचाईत झाली, पण ज्यांच्या घरात स्वतःचा सर्व्हर होता त्यांचं गाणं चालूच राहिलं. आज तेच सॉफ्टवेअर लायरियन म्युझिक सर्व्हर या नावाने मिळतं, फुकट, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, डॉकर सगळीकडे चालतं. बारा चौदा वर्षांपूर्वी बंद झालेला डबा आजही गातोय तो या फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे.

तर स्क्वीझबॉक्स असेल, किंवा रास्पबेरी पायला डॅक (डिजिटल फाइलचा ऐकू येणारा सिग्नल करणारा भाग) लावून स्वतःच डबा बनवायचा असेल, तर लायरियन आणि पायकोअरप्लेअर (पायवर चालणारं प्लेअर सॉफ्टवेअर) ही जोडी घ्या. पायकोअरप्लेअर पूर्ण रॅममधून चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी मेमरी कार्ड करप्ट व्हायची भीती बरीच कमी. बसवलं की ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढे ९००० पोर्ट टाकायचा, समोर लायब्ररी उघडते. मटेरियल स्किन नावाचं प्लगिन आहे ते टाकाच, नाहीतर जुना इंटरफेस बघून तुम्ही पाच मिनिटांत पळून जाल.

बाकीचे पर्याय पटापट सांगतो. यूपीएनपीवाला डबा असेल तर मिनिमसर्व्हरची फुकटातली साधी आवृत्ती बघा, पूर्ण आवृत्ती विकतची आहे. फोनवरून घरात आणि घराबाहेर स्वतःच्या फाइल्स ऐकायच्या असतील तर नॅव्हिड्रोम, सिनेमे पण ठेवायचे असतील तर जेलीफिन. घरात वेगवेगळ्या जातीचे स्पीकर असतील, एक क्रोमकास्टचा, एक एअरप्लेचा, एक कुठला तिसराच, आणि होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच चालू असेल तर म्युझिक असिस्टंट. पायवर एकच खोली वाजवायची असेल तर मूड ऑडिओ. हे सगळं फुकट आहे.

एक महिना वापरा. मग पुढची पायरी.

पायरी ४: पैसे देऊन नक्की काय जास्त मिळतं ते बघा

माझ्या मते पैशाच्या सॉफ्टवेअरकडे जायची तीन कारणं खरी असतात. एक, तुम्हाला सेटअप करत बसायला वेळ नाही किंवा आवड नाही. दोन, तुम्हाला गाण्याच्या मागची माहिती हवी असते, कोणी वाजवलं, याच वादकाचं अजून काय आहे, या गाण्यावरून त्या गाण्यावर उड्या मारत फिरायचं असतं. तीन, घराबाहेर पण तीच लायब्ररी तशीच हवी असते. यातलं काहीच नसेल आणि नुसता आवाज चांगला येतो म्हणून घेताय तर थांबा. फाइल जशीच्या तशी, एकही बिट न बदलता डॅकपर्यंत पोचत असेल तर ती फुकटच्या सॉफ्टवेअरमधून पोचली की महागड्या, याने डॅकला फरक पडत नाही. ईक्यू (खर्ज आणि तीव्र आवाज कमीजास्त करणं) किंवा रूम करेक्शनसाठी (खोलीनुसार आवाज जुळवण्यासाठी) घेत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे सॉफ्टवेअर खरंच काहीतरी करत असतं.

रून हे यातलं सगळ्यात चर्चेतलं नाव. २०१५ मध्ये आलं, २०२३ मध्ये हारमनने घेतलं. एका लायसन्सवर एका वेळी एकच सर्व्हर चालतो पण त्याला जोडलेल्या खोल्या आणि रिमोट हवे तितके. माहिती दाखवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही मला तरी दिसत नाही. ते जुन्या स्क्वीझबॉक्सशी पण बोलतं, फक्त सेटिंगमध्ये तो सपोर्ट चालू करावा लागतो, आणि त्याच मशीनवर लायरियन पण चालू असेल तर दोघंही ३४८३ हाच पोर्ट मागतात आणि डबा कोणाचंच ऐकत नाही. एकाला बंद करा.

जेरिव्हर मीडिया सेंटर हा जुना खेळाडू, दिसायला रुक्ष, पण करतं सगळं. त्याचं लायसन्स त्या त्या व्हर्जनचं असतं, म्हणजे घेतलेलं व्हर्जन कायमचं तुमचं, पुढचं मोठं व्हर्जन हवं असेल तर अपग्रेडचे थोडे पैसे, नको असेल तर जुनंच वापरत बसा. मला व्यक्तिशः हा व्यवहार सगळ्यात सरळ वाटतो. प्लेक्स हे घरचे सिनेमे आणि गाणी सांभाळणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, त्याचं म्युझिक ॲप म्हणजे प्लेक्सॲम्प, ते आता प्लेक्स पास हे पैशाचं सबस्क्रिप्शन न घेताही वापरता येतं, पण डाउनलोड आणि गाण्याच्या आवाजावरून मिळतीजुळती गाणी शोधणं असले लाड पासमध्ये आहेत. व्हॉल्युमिओ फुकट पण मिळतं आणि प्रीमियम पण.

आणि मग छोटी ॲप्स. सिम्फोनियम, आयपेंग, बबलयूपीएनपी ही एकदाच थोडे पैसे घेणारी मंडळी. सर्व्हर फुकटातला आणि रिमोट ॲप मात्र चांगलं विकत घेतलेलं, हे कॉम्बिनेशन नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी सुचवतो, कारण रोज हातात असतं ते रिमोटच. सर्व्हर कितीही भारी असला तरी फोनवर गाणं शोधायला चार टॅप जास्त लागले की घरातले लोक ब्लूटूथ स्पीकरकडे वळतात.

एक गोष्ट मात्र कधी विकत घेऊ नका, ती म्हणजे एखाद्या बंदिस्त फॉरमॅटचा सपोर्ट. एमक्यूए नावाच्या अशाच एका ऑडिओ फॉरमॅटचं काय झालं आठवा. कितीतरी लोकांनी ते डीकोड करणारी डिव्हाइसेस आणि सॉफ्टवेअर मुद्दाम शोधून घेतली, २०२३ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये टायडलने एमक्यूए काढून साधं फ्लॅक चालू केलं. फ्लॅक २००१ पासून आहे, फुकट आहे, आणि कोणाच्या मालकीचं नाही.

पायरी ५: ट्रायल घ्या आणि तिला जरा घाम फोडा

बहुतेक सगळ्यांकडे ट्रायल असते. रूनची दोन आठवड्यांची, जेरिव्हरची महिन्याची. लोक काय करतात, ट्रायल चालू करतात, आवडती तीन गाणी लावतात, वा काय दिसतंय म्हणतात आणि विसरून जातात, आणि मग कार्डावर पैसे कापले गेल्याचा मेसेज येतो. असं नको. ट्रायल चालू केली त्याच मिनिटाला फोनमध्ये संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावा, मग बाकीचं.

ट्रायलमध्ये सगळी लायब्ररी द्या, शंभर गाण्यांचा फोल्डर नाही. पन्नास हजार गाणी स्कॅन करताना सर्व्हर किती वेळ घेतो, आणि त्यानंतर सर्च टाकल्यावर उत्तर लगेच येतं की चक्र फिरत बसतं, हे छोट्या फोल्डरवर कळणारच नाही.

मग सिनेमाच्या गाण्यांचा एखादा अल्बम उघडा. सहा गाणी आणि पाच गायक असा. सर्व्हरने त्याचे पाच वेगळे अल्बम करून ठेवले असतील तर दचकू नका, दोष बहुतेक वेळा टॅगचा, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या नावागावाच्या माहितीचा असतो. प्रत्येक फाइलमध्ये आर्टिस्ट वेगळा आणि अल्बम आर्टिस्ट ही जागा रिकामी, म्हणून सॉफ्टवेअरला ते पाच अल्बम वाटतात. एमपी३टॅग किंवा पिकार्ड हे टॅग बदलणारं सॉफ्टवेअर घ्या, सहाही फाइल्स सिलेक्ट करा, अल्बम आर्टिस्टमध्ये एकच नाव टाका, मग ते संगीतकाराचं टाका नाहीतर विविध कलाकार असं टाका, सेव्ह करा आणि परत स्कॅन लावा. पाचाचे एक होतात. आणि हो, हे फाइलमध्येच दुरुस्त करा, सर्व्हरच्या आतल्या एडिटमध्ये नाही, का ते शेवटच्या पायरीत सांगतो.

देवनागरी टॅग असतील तर तेही बघून घ्या. सर्चमध्ये देवनागरीत टाइप केल्यावर गाणं सापडतं का, यादी नीट क्रमाने लागते का, आणि जुन्या डब्याच्या छोट्या डिस्प्लेवर नाव येतं की नुसते चौकोन. रोमनमध्ये टॅग करायचे की देवनागरीत हे मोठी लायब्ररी टॅग करायला घेण्याआधी ठरवलेलं बरं.

त्यानंतर गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं. लाइव्ह कॉन्सर्टचा किंवा न थांबता चालणाऱ्या रागाचा अल्बम लावा जिथे एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळतो, आणि सांध्यावर कान ठेवा. टक् असा आवाज किंवा अर्धा सेकंद शांतता आली तर काहीतरी गडबड आहे, कधी सॉफ्टवेअरची, कधी डब्याची. मग दोन खोल्या एकत्र जोडून दाराच्या मधोमध उभे राहा, आवाज पुढेमागे होतोय का. दहा मिनिटं तरी उभे राहा कारण सिंक सुरुवातीला बरोबर असतो आणि हळूहळू सरकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची टेस्ट जी कोणीच करत नाही. राउटरमधून इंटरनेटची वायर काढा, वायफाय चालू ठेवा. आता तुमच्याच घरातल्या, तुमच्याच डिस्कवरच्या फाइल्स वाजतात का? काही सॉफ्टवेअर लॉगिन केल्याशिवाय, लायसन्स तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. रून २.० आलं २०२२ मध्ये तेव्हा नेमकं यावरूनच वादळ उठलं होतं, की चालायला इंटरनेट लागणार, आणि कंपनीला जुनं १.८ व्हर्जन अशा लोकांसाठी वेगळं ठेवावं लागलं. तुमच्याकडे नेट कधीच जात नसेल तर सोडून द्या. जात असेल तर मात्र ही टेस्ट केल्याशिवाय पैसे भरू नका.

पायरी ६: महिन्याचं, वर्षाचं की लाइफटाइम

साधं गणित आहे पण लोक करत नाहीत. रूनचं उदाहरण घेतो कारण त्यात तिन्ही प्रकार आहेत. हे लिहितोय तेव्हा महिन्याला १४.९९ डॉलर, वर्षाचं एकदम घेतलं तर महिना १२.४९ च्या हिशोबाने १४९.८८, आणि लाइफटाइम ८२९.९९. म्हणजे वार्षिकच्या तुलनेत लाइफटाइम वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतात. प्लेक्सचं वार्षिक ६९.९९ आणि लाइफटाइम २४९.९९ धरलं तर साधारण साडेतीन. आकडे बदलत राहतात, तुमच्या चेकआउटवर दिसेल तो खरा, पण भागाकार हाच.

आता गंमत अशी की लाइफटाइमच्या किमती वरच जातात. रून आलं तेव्हा लाइफटाइम ४९९ होतं. प्लेक्सने २०२५ च्या एप्रिलमध्ये ११९.९९ वरून एकदम २४९.९९ केलं. म्हणून ज्यांनी आधी घेतलं ते खुश असतात आणि सगळ्यांना सांगत सुटतात की लाइफटाइमच घे. पण लाइफटाइम म्हणजे कोणाचं आयुष्य? तुमचं नाही, त्या प्रॉडक्टचं. कंपनी विकली गेली, बंद पडली, तर तुमच्या हातात काय राहतं हा प्रश्न विचारायचा. जेरिव्हरसारखं असेल तर इन्स्टॉलर आणि लायसन्स की हातात राहते, ते मशीन चालतंय तोवर चालेल. कंपनीच्या सर्व्हरवर लायसन्स तपासणारं असेल तर ती तपासणी बंद झाली की संपलं.

माझा सल्ला सांगतो, पटला तर घ्या. ट्रायलनंतर दोन तीन महिने महिन्याच्या हिशोबाने भरा, महाग पडलं तरी. या काळात नवलाई उतरते. तरीही रोज वापरताय असं दिसलं तर वार्षिकला जा. लाइफटाइमचा विचार एक वार्षिक पूर्ण झाल्यावर. आणि छोट्या ॲपचं एकदाचं पेमेंट असेल तर इतका विचार करू नका, घेऊन टाका.

प्राइसिंग पेज वाचताना मोठ्या अक्षरातला आकडा वाचून पुढे जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी मोठ्या अक्षरात महिन्याचा आकडा असतो, आणि खाली फिकट राखाडी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बिल वर्षाचं एकदम होईल. वर एक छोटं बटण असतं, महिना आणि वर्ष, आणि ते आधीच वर्षावर सरकवून ठेवलेलं असतं. बटण दाबायच्या आधी शेवटच्या स्क्रीनवरची एकूण रक्कम, त्यावरचा टॅक्स, आणि पुढची तारीख या तीन गोष्टी वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पायरी ७: पैसे कुठून भरायचे

वेबसाइटवरून की ॲप स्टोअरमधून, दोन्ही पर्याय असतील तर दोन्हीकडची किंमत बघा, सारखी असेलच असं नाही. स्टोअरमधून घेतलं की रद्द करणं सोपं, सगळी सबस्क्रिप्शन्स एका यादीत दिसतात. पण मग ती खरेदी त्या स्टोअरच्या अकाउंटला चिकटते, अँड्रॉइडवर घेतलेलं ॲप आयफोनवर परत विकत घ्यावं लागतं. वेबसाइटवरून घेतलं तर बहुतेक वेळा कुठल्याही फोनवर लॉगिन करून चालतं.

घरात एकापेक्षा जास्त फोन असतील तर एक बारीक गोष्ट. गुगल प्लेच्या फॅमिली लायब्ररीत विकत घेतलेलं ॲप घरातल्यांना शेअर करता येतं, पण ॲपच्या आत केलेली खरेदी शेअर होत नाही. म्हणजे आधी पैसे देऊन डाउनलोड करायचं ॲप असेल तर एकदा पैसे, आणि फुकट डाउनलोड करून आत अनलॉक करायचं असेल तर प्रत्येक अकाउंटचे वेगळे. खूप लोकांना हे घेतल्यावर कळतं. आणि प्लेवरून घेतलेलं ॲप चाललं नाही तर ४८ तासांच्या आत रिफंड मागा, नंतर ते तुम्हाला डेव्हलपरकडे पाठवतात.

कार्ड दुसऱ्या चलनात कापलं जाणार असेल तर बँकेची कन्व्हर्जन फी लागू शकते. चेकआउटवर तुमच्याच चलनात भरायचं का असं विचारलं तर रेट तपासून मगच हो म्हणा, तो बऱ्याचदा बँकेच्या रेटपेक्षा वाईट असतो. लायसन्स की किंवा पावतीचा मेल आला की तो नुसता इनबॉक्समध्ये ठेवू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये की टाका. आणि ऑफिसच्या मेल आयडीवर कधीही काही विकत घेऊ नका, नोकरी बदलली की लायसन्स तिथेच राहतं.

अर्ध्या किमतीत लाइफटाइम लायसन्स की विकणारे अनोळखी लोक दिसतील. त्या कीज बहुतेक वेळा दुसऱ्याच्या असतात किंवा चोरीच्या कार्डावर घेतलेल्या, कंपनीला कळलं की ब्लॉक. जुना मालक खरंच लायसन्स विकत असेल तर ते ट्रान्सफर करता येतं का हे कंपनीच्या सपोर्टला विचारून लेखी घ्या, मगच व्यवहार.

पायरी ८: फुकटच्याला पण पैसे द्या

लायरियन, पायकोअरप्लेअर, नॅव्हिड्रोम हे कोणीतरी स्वतःच्या फावल्या वेळात करतंय. तुमचा बंद पडलेला डबा ज्याच्यामुळे चालू राहिला त्याला वर्षातून एकदा एखाद्या ॲपच्या किमतीइतके पैसे पाठवणं जड जात नाही. प्रोजेक्टच्या स्वतःच्या साइटवर किंवा गिटहबच्या पानावर डोनेट किंवा स्पॉन्सरचं बटण असतं का बघा, तिथूनच पाठवा. सर्चमध्ये वर आलेल्या कुठल्याही साइटवरून नको, प्रसिद्ध फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नावाने डाउनलोडचे पैसे मागणाऱ्या खोट्या साइट्स असतात.

प्लगिन लिहिणारा माणूस बऱ्याचदा वेगळा असतो हे लोक विसरतात. तुम्ही रोज वापरता ते प्लगिन कोणाचं आहे ते उघडून बघा. पैसे नसतील द्यायचे तर बग नीट लिहून कळवा, व्हर्जन नंबर आणि लॉगसकट, किंवा मराठी भाषांतर करून द्या. पण डोनेशन दिलं म्हणजे आपलं फीचर पुढच्या आठवड्यात आलं पाहिजे असा तगादा लावू नका. ते बिल नाहीये.

पायरी ९: सोडायची तयारी पहिल्या दिवसापासून

ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं असं नाही. पैसे कापले जात राहतात. ज्या दारातून घेतलं त्याच दारातून रद्द करावं लागतं, स्टोअरमधून घेतलं तर स्टोअरमध्ये, वेबसाइटवर घेतलं तर वेबसाइटवर. रद्द केल्याचा मेल येईपर्यंत समजू नका की झालं.

कंपनीचं ॲप फुकट असलं तरी निश्चिंत राहू नका. स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने २०२४ च्या मे महिन्यात नवीन ॲप आणलं, त्यात अलार्म, स्लीप टायमर असल्या साध्या गोष्टी सुरुवातीला गायब होत्या, लोक इतके भडकले की कंपनीला माफी मागावी लागली आणि पुढच्या जानेवारीत सीईओ गेला. डबा तोच, फक्त रिमोट बदलला होता. म्हणून डबा घेतानाच बघा की त्याला कंपनीच्या ॲपशिवाय दुसरा रस्ता आहे का, एअरप्ले असो, यूपीएनपी असो, काहीही.

आता मघाशी म्हटलं ते टॅगचं. सर्व्हरच्या आत केलेले बदल, म्हणजे नावं सुधारली, कव्हर बदललं, गाण्यांना हार्ट दिलं, हे बहुतेक वेळा सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहतं, फाइलला हात लागत नाही. रूनमध्ये तर हे मुद्दामच तसं आहे. सॉफ्टवेअर सोडलं की ती मेहनत तिथेच राहिली. फाइलच्या टॅगमध्ये लिहिलेलं मात्र कुठेही गेलात तरी सोबत येतं. प्लेलिस्टचंही तसंच, महिन्यातून एकदा एम३यू (प्लेलिस्टची साधी फाइल) किंवा जे काही एक्सपोर्ट मिळेल ते काढून फाइल्सच्या शेजारी ठेवा. टायडलवरून कोबझवर वगैरे जायचं असेल तर साउंडिझसारख्या सर्व्हिस प्लेलिस्ट हलवून देतात, त्यासाठी एखादा महिना पैसे भरले आणि काम झाल्यावर रद्द केलं तरी चालतं.

आणि सर्व्हरचा बॅकअप, म्हणजे सेटिंग आणि डेटाबेसचा, संगीताच्या डिस्कवर ठेवू नका, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. रूनमध्ये शेड्यूल लावता येतो, लायरियनमध्ये प्रेफरन्सेसचा फोल्डर कॉपी केला तरी बरंच काम भागतं. नवीन मशीन घेतलं तर आधी जुन्या मशीनवरून लायसन्स सोडवा, मग नवीनवर लावा, जुनं मशीन विकून झाल्यावर सपोर्टला मेल टाकत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.